विकासमदत आणि धोरणसुसंगती: गल्लत कुठे होते?

श्रीमंत देश गरीब देशांसाठी काय करतात, असे विचारले की बहुतेक जण मदतीचा आकडा सांगतात. विकासमदत आणि विकासाशी सुसंगत धोरण, म्हणजे इतर धोरणांनी गरीब देशांच्या विकासाला बाधा न आणणे, यांची गल्लत इथेच होते. नाशिककरांना हा फरक २०२३ च्या कांद्यावरून समजेल. मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले. ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. त्यानंतर लासलगावच्या लिलावात ट्रॉली लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याने भाव पडताना पाहिला. अनुदान ही मदत होती, निर्यातबंदी हे धोरण.

श्रीमंत देशांच्या मदतीला ठरलेले माप आहे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये स्वीकारलेले हे उद्दिष्ट आजही मोजकेच देश गाठतात. सुसंगतीला असा एकच आकडा नाही, कारण ती व्यापार, शेती, स्थलांतर, पेटंट अशा, मदतीशी वरवर संबंध नसलेल्या विषयांत शोधावी लागते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हेच मांडले, की श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देतात त्याने जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी बुडतो. अमेरिका या देशांना मदतही देत होती, हे मला फार खटकते.

मात्र सुसंगती म्हणजे सरसकट सवलत नव्हे. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या आणि बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या रसायनाचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. ग्राहकाच्या आरोग्यासाठी अशी मर्यादा ठेवण्याचा युरोपचा हक्क मला मान्य आहे. परंतु विकसनशील देशांवर होणारा परिणाम आपल्या धोरणांत विचारात घेण्याची जबाबदारी युरोपीय संघाने १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातच स्वीकारली आहे. म्हणून नियम ठरवताना दोन एकरांच्या बागेचा विचार झाला का, नियम पुरेसा आधी कळवला का आणि अंश तपासायला प्रयोगशाळा उभी करण्यास हातभार लावला का, हे विचारणे रास्त आहे. यातली प्रयोगशाळा मदतीच्या पैशातून उभी राहू शकते. पहिल्या दोन गोष्टी मात्र नियम लिहिणाऱ्याच्याच हातात असतात आणि त्यांना फारसा पैसाही लागत नाही.