किशोरवयीनांमधील व्यसनप्रतिबंध व जाणीवजागृती

किशोरवयीन मुलामुलींनी दारू, तंबाखू, गांजा, हुंगण्याची रसायने, झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या अशा पदार्थांकडे वळू नये आणि जी वळली आहेत त्यांना वेळेत मदत मिळावी, यासाठी घर, शाळा, आरोग्यसेवा व शासन यांनी केलेले प्रयत्न. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद ३३ नुसार मुलांना अमली पदार्थांपासून संरक्षण देणे ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारी आहे. २६ जून हा दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ मध्ये घेतला.

या प्रयत्नांचा भर बराच काळ धोके सांगण्यावर आणि भीती घालण्यावर होता. त्याचा उपयोग किती मर्यादित आहे, हे गेल्या तीन-चार दशकांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

वयाचा प्रश्न. सुख आणि उत्तेजना यांना प्रतिसाद देणारे मेंदूतील भाग किशोरवयात विलक्षण सजग असतात. परिणामांचा विचार करणारा, आवेगाला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. या वयात मेंदू नवे शिकायला जितका तत्पर, तितकाच सवय जडवून घ्यायलाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असेही आढळले आहे की दारूने येणारी गुंगी आणि तोल जाणे हे परिणाम कोवळ्या वयात प्रौढांपेक्षा कमी जाणवतात. म्हणजे ‘आता पुरे’ हा शरीराचा इशारा उशिरा मिळतो. मित्रांमध्ये ‘मला चढतच नाही’ असे अभिमानाने सांगणारा मुलगा म्हणूनच जास्त धोक्यात असतो, आणि ही गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी.

सुरुवात कोणत्या वयात होते, यालाही फार महत्त्व आहे. अमेरिकेतील एका राष्ट्रीय पाहणीच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, पंधराव्या वर्षापूर्वी दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेल्याचे दिसले. विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. एवढ्यावरून लवकर सुरुवात हेच एकमेव कारण ठरत नाही. घरातले व्यसन, मारहाण, आनुवंशिकता, नैराश्य यांमुळे काही मुले लवकर सुरुवातही करतात आणि पुढे अडकतातही. तरीही पहिला घोट जितका लांबेल तितके बरे, याविषयी तज्ज्ञांमध्ये फारसे दुमत नाही.

भीतीवर आधारलेल्या मोहिमा. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली ‘डेअर’ हा शालेय कार्यक्रम सुरू झाला. त्यात गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन अमली पदार्थांविषयी बोलत. पालकांना आणि शाळांना तो अतिशय आवडला, अनेक देशांत पोहोचला. पण मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे १९९० च्या दशकातील मूल्यमापनांत वारंवार आढळले. पुढे त्याचा अभ्यासक्रम बदलण्यात आला. अमेरिकी सरकारने १९९८ पासून राबवलेल्या जाहिरात मोहिमेची गतही तशीच झाली: मोठा खर्च होऊनही तिच्यामुळे गांजाचे सेवन घटल्याचा पुरावा मिळाला नाही.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. ‘एकदा घेतलेस की संपलास’ असे सांगितलेल्या मुलाला दोन-तीनदा घेऊनही काही न झालेला मित्र भेटतो, आणि मग सांगणाऱ्याच्या खऱ्या इशाऱ्यांवरचाही विश्वास उडतो. दुसरे कारण असे की आपल्या वयाचे सगळेच घेतात, असे मुलांना वाटत असते. प्रत्यक्षातील प्रमाण त्यांच्या अंदाजापेक्षा बहुधा बरेच कमी असते. तरुणाई व्यसनात बुडाल्याचा गजर करणारी भाषणे हा गैरसमज अधिकच पक्का करतात.

काय उपयोगी पडते. नकार देण्याचा सराव, ताण हाताळण्याची व निर्णय घेण्याची कौशल्ये संवादातून शिकवणारे आणि अनेक सत्रांत चालणारे शालेय कार्यक्रम व्याख्यानांपेक्षा अधिक परिणामकारक ठरले आहेत. मात्र मुलांभोवतीची परिस्थिती बदलण्याचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडचे आहे. १९९० च्या दशकात तेथील किशोरवयीनांचे मद्यपान युरोपात चिंताजनक मानले जाई. मग तिथे मुलांची नियमित पाहणी करून निष्कर्ष थेट शाळांना व पालकांना कळवले जाऊ लागले. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी कुटुंबांना अनुदान मिळाले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर निर्बंध आले, पालकांनी आपसांत लेखी करार केले. गेल्या तीस दिवसांत दारूची नशा केल्याचे सांगणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण १९९८ मधील ४२ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. याच काळात इतर अनेक देशांतही किशोरवयीन मद्यपान घटले, त्यामुळे सगळे श्रेय या एका धोरणाला देता येणार नाही. शिवाय छोट्या देशाला जमलेले सगळीकडे जसेच्या तसे जमेल असेही नाही. तरी व्यसनाचा सगळा भार मुलाच्या इच्छाशक्तीवर न टाकता त्याच्या संध्याकाळी कशा जातात याचा विचार तिथे झाला, आणि तो कुठेही करता येण्याजोगा आहे.

घरात नियम स्पष्ट असणे आणि मुलाशी मोकळे बोलणे या दोन्हींची गरज असते. ‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर घे’ या सद्‍हेतूने घरीच दारू देण्याला संशोधनाचा आधार मिळत नाही. अशा मुलांचे पिणे पुढे वाढल्याचेच बहुतेक अभ्यासांत दिसते.

ओळख व उपचार. झोप, मित्रमंडळी, अभ्यास, पैशांचा हिशेब यांत अचानक पडलेला फरक ही पूर्वसूचना असू शकते. पण हीच लक्षणे नैराश्यात किंवा छळ होत असतानाही दिसतात. म्हणून खिसे तपासण्याआधी विचारपूस करावी. आरोग्यसेवेत ‘क्राफ्ट’ ही सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली प्राथमिक चाचणीसाठी वापरतात. नुकतीच सुरुवात असेल तर समुपदेशनाच्या थोड्या बैठकीही पुरेशा ठरू शकतात. व्यसन जडले असेल तर कुटुंबासह उपचार करावे लागतात आणि सोबतच्या मानसिक आजाराकडेही लक्ष द्यावे लागते. उपचारांनंतर पुन्हा घसरण होणे अनेकांच्या बाबतीत घडते. तेवढ्यावरून उपचार फसले असे मानून मुलाला शाळेतून काढणे वा घरात वाळीत टाकणे अत्यंत घातक आहे.

तातडीचा प्रसंग. जागृती कार्यक्रमांत हा भाग बहुधा गाळला जातो, कारण तो शिकवणे म्हणजे मूकसंमती देणे असे मोठ्यांना वाटते. हा संकोच जिवावर बेतू शकतो. थिनर किंवा वायू हुंगल्याने हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू ओढवू शकतो. हाक मारून वा हलवूनही न उठणे, श्वास मंद किंवा अनियमित होणे, त्वचा थंड वा निळसर पडणे, शुद्ध नसताना उलट्या होणे ही दारूच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकटे सोडू नये. पोटात गेलेल्या दारूचे रक्तातील प्रमाण शुद्ध हरपल्यावरही वाढत राहू शकते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा मुद्दाम काढलेली उलटी यांनी काही साधत नाही, उलट अपाय होतो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, रुग्णवाहिका बोलवावी, काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. अफूजन्य पदार्थांच्या अतिमात्रेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात व श्वास थांबत जातो. नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळाल्यास जीव वाचतो. सोबतची मुले शिक्षेच्या धास्तीने मदत मागायला उशीर करतात, म्हणून काही देशांत व शिक्षणसंस्थांत अशा प्रसंगी मदतीसाठी फोन करणाऱ्याला शिक्षेतून सूट देण्याची तरतूद केलेली आहे.