एनजीटीत अर्ज करताय? आधी तारीख बघा, फोटो नंतर

नदीत कारखान्याचं पाणी सोडलं जातंय, पाणथळीत रात्री मुरमाचे डंपर रिकामे होतायत, अशा वेळी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनजीटीकडे जाता येतं हे आता बऱ्याच जणांना माहितीये. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. भरपाई मागत नसाल तर फी 1000 रुपये, मागितली तर रकमेच्या 1 टक्का पण किमान 1000. तरीही चांगले चांगले अर्ज पहिल्याच तारखेला पडतात, आणि प्रदूषण खोटं होतं म्हणून नाही तर कागद कच्चे होते म्हणून. ते बघून खरंच जीव तुटतो म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते मुदतीवर. एनजीटी कायद्याच्या कलम 14 खाली अर्ज करायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून 6 महिने मिळतात. "पहिल्यांदा" हा शब्द कायद्यातच आहे. उशिराचं सबळ कारण दिलं तर वर जास्तीत जास्त 60 दिवस, त्यापुढे माफी नाही. आता लोक काय करतात, तर आधी ग्रामपंचायत, मग तहसीलदार, मग जिल्हाधिकारी, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, सगळीकडे तक्रार देऊन उत्तराची वाट बघत बसतात आणि कार्यालयांना उत्तर द्यायची घाई कधीच नसते. त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून तुमची मुदत थांबत नाही हो. तक्रारी जरूर करा, पोच घ्या, पण घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू आहे हे धरूनच चला.

एका अर्जाचं पहिलंच वाक्य होतं "गेली दहा वर्षे सदर नाल्यात रासायनिक सांडपाणी सोडले जात आहे." लिहिणाऱ्याला वाटलं याने प्रकरणाचं गांभीर्य कळेल. समोरच्या वकिलाने तेच वाक्य वाचून दाखवलं आणि मुदतीचा मुद्दा काढला. म्हणून खोटं लिहा असं अजिबात नाही. जुना त्रास सांगाच, पण नवीन काय घडलं, कोणत्या तारखेला घडलं, कोणत्या अटीचा भंग झाला हे वेगळं आणि स्पष्ट मांडा. शिवाय पर्यावरण पूर्ववत करून द्या किंवा भरपाई द्या अशी मागणी असेल तर ती कलम 15 खाली येते आणि तिथे मुदत 5 वर्षं आहे. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी जण उगाच 6 महिन्यांच्या दारावरूनच परत फिरतात.

एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर ते अपील, कलम 16, आणि मुदत फक्त 30 दिवस, वर जास्तीत जास्त 60. हे दिवस मंजुरी कळवली गेल्यापासून मोजतात, आणि कळवणं म्हणजे तुमच्या घरी पत्र येणं नाही. ती वेबसाईटवर पूर्ण टाकणं, वर्तमानपत्रात जाहिरात देणं हेही त्यात येतं. त्यामुळे प्रकल्पाची कुणकुण लागली की अशा मंजुऱ्यांचं सरकारी परिवेश पोर्टल बघत राहा, पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचा.

अजून एक घोळ 60 दिवसांच्या नोटिशीचा. कोणीतरी सांगतं की आधी 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते, मग माणूस नोटीस देऊन दोन महिने थांबतो. ती नोटीस कलम 30 खाली कोर्टात गुन्ह्याची तक्रार करण्यासाठी आहे. एनजीटीत अर्ज करायला ती लागत नाही.

आता प्राण्यांचा विषय. एनजीटी ज्या कायद्यांखालचे वाद ऐकते त्यांच्या अनुसूचीत वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नाहीच. तिथे जल कायदा, हवा कायदा, वन संवर्धन कायदा, पर्यावरण संरक्षण कायदा, जैवविविधता कायदा असे ठरावीक कायदे आहेत. त्यामुळे "बिबट्याचा अधिवास धोक्यात" एवढंच लिहिलं तर अर्ज तिथेच अडकतो. तोच अधिवास अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो का, वनजमीन परवानगीशिवाय वळवली जातेय का, सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांचा भंग आहे का, हे शोधा आणि त्या कायद्याचं नाव घेऊन मांडा.

पाणथळीचंही तसंच. 2017 च्या पाणथळ नियमांतून नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेत. म्हणजे गावच्या पाझर तलावावर कितीही पक्षी येत असले तरी नुसत्या त्या नियमावर उभं राहू नका, तिथे सांडपाण्याचा मुद्दा असेल तर जल कायदा धरा. नांदूर मध्यमेश्वर, लोणार, ठाणे खाडी ही रामसर स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय यादीतल्या पाणथळी आहेत, पण ती अभयारण्यंही आहेत आणि वन्यजीव कायदा किंवा सीआरझेडखाली येणारी क्षेत्रं या नियमांतून वगळलीत, तेव्हा तिथेही नुसत्या या नियमांवर विसंबू नका.

पुराव्यात सगळ्यात नाजूक कागद म्हणजे पाण्याचा रिपोर्ट. खाजगी लॅबमधून तपासून आणलेल्या रिपोर्टवर बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं की नमुना ग्राहकाने आणून दिला, आणि समोरचा वकील पहिलं तेच वाचतो, नमुना नक्की त्याच नाल्याचा कशावरून. म्हणून लॅबच्याच माणसाला जागेवर येऊन नमुना घ्यायला सांगा, पंचनाम्यासारखा कागद करा, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. सोबत मंडळाला लेखी मागणी करा की तुम्ही जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नमुना घ्या, आणि तो रिपोर्ट माहिती अधिकारात 10 रुपये अर्ज फी भरून मागवा. कारखान्याला मंडळाने दिलेलं संमतीपत्रही मागवाच, त्यात किती पाणी सोडायला परवानगी आहे हे लिहिलेलं असतं आणि भंग तिथूनच सिद्ध होतो.

सातबारा, गाव नकाशा, ग्रामसभेचा ठराव हे सगळं मराठीत असतं, त्याला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे ऐन वेळी कळतं आणि मुदतीचे शेवटचे दिवस भाषांतरात जातात, तेव्हा कागद हातात आला की लगेच करून ठेवा. संस्थेतर्फे अर्ज असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव लागतो, आणि ठरावाची तारीख अर्जाच्या आधीची हवी.

प्रतिवादी करताना लोक मंडळ, जिल्हाधिकारी, पर्यावरण विभाग सगळ्यांना जोडतात आणि नेमका प्रदूषण करणाराच राहतो. त्याचं ऐकून न घेता आदेश झाला तर तो वरच्या कोर्टात टिकत नाही. एका अर्जात एकच कारण घ्या, नदीचं सांडपाणी आणि शेजारच्या डोंगरावरची खाण एकत्र घालू नका.

बाकी ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, प्रतिज्ञापत्र, पानांना क्रमांक, ई-फायलिंग हे नेहमीचं आहे. रजिस्ट्रीने, म्हणजे एनजीटीच्या कार्यालयाने त्रुटी काढल्या तर घाबरू नका, पण दिलेल्या वेळेत दुरुस्त करा. निकाल विरोधात गेला तर सुप्रीम कोर्टात अपिलाला 90 दिवस आहेत, तेव्हा निकालाची प्रत हातात पडली की त्यावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.