सांभाळणाऱ्याचा भत्ता कुठे अडला?

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची. गावाकडे तिला आजही 'निराधारचा पगार' म्हणतात. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा अनेकांसाठी ती आखली गेली आणि अपंग हा त्यातलाच एक गट. त्यामुळे घरात कमावतं कोण, हे पहिल्यापासून विचारलं गेलं. अपंगाला उचलतं, भरवतं, अंघोळ घालतं कोण, याला अर्जात रकानाच नव्हता.

अपंगांसाठीच्या 1995च्या कायद्याने किमान 40 टक्के अपंगत्वाची रेषा आखली. 2016च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, पण रेषा तीच ठेवली. केंद्राच्या 2009च्या अपंग निवृत्तिवेतन योजनेत मात्र अट 80 टक्क्यांची, तीही दारिद्र्यरेषेखालच्या घरांनाच. या अटीचं समर्थन मला आजवर पटलेलं नाही. 75 टक्क्यांचा दाखला असलेला मतिमंद मुलगा एकटा सोडता येत नाही, रस्ता ओलांडताना त्याचा हात धरावाच लागतो. जिल्हा रुग्णालयातला बोर्ड त्याची बुद्धी मोजतो; त्याच्यामागे घरच्यांचे किती तास जातात, हे दाखल्यावर कुठेच येत नाही. एवढं करून 80 टक्के भरले, तर केंद्राचा वाटा महिना 300 रुपये. 2012 पासून तो तिथेच आहे.

2016च्या कायद्याने काळजीवाहकाची व्याख्या केली आणि तीत विनामोबदला राबणारे आईवडीलही धरले, ही मोठी गोष्ट होती. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आली. पण त्याच कलमात सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी मेख आहे. रक्कम लिहिलेली नाही, मुदतही नाही. ज्या राज्याने मनावर घेतलं तिथे भत्ता सुरू झाला, बाकी ठिकाणी कलम कागदावर. केरळने तर कायद्याची वाट न बघता अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना मदत सुरू केली होती. 600 रुपये म्हणजे तुटपुंजेच, पण ते सांभाळणाऱ्याच्या नावाने दिले जातात.

आपल्याकडे निराधारची रक्कम 600 वरून 1,000, 2023 मध्ये 1,500 आणि 2025 मध्ये अपंगांसाठी 2,500 झाली. ही वाढ खरी आहे आणि ती मोर्चे काढून, उपोषणं करून पदरात पडली आहे. मात्र पैसे येतात ते अपंगाच्या खात्यावर. त्याला रिक्षात घालून दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी नेणारी आई विधवा असेल आणि निकषात बसत असेल, तर तिला याच योजनेतून 1,500 मिळू शकतात, तेही विधवा म्हणून.