उशीवरून मान उचलता येते का?

सोलापूर जिल्ह्यात नान्नजकडे द्राक्षावर आणि सांगोल्याकडे डाळिंबावर औषध मारायचे दिवस आले की शेतात राबणाऱ्यांना विषबाधेचा धोका वाढतो. वारा तोंडावर असतो, शर्ट भिजलेला असतो, हातात मोजे नसतात. कीटकनाशक ऑर्गनोफॉस्फरस गटातलं असेल तर ते कातडीतूनही अंगात भिनतं. पोटात गेलं, तर प्रकरण कितीतरी गंभीर होतं.

मज्जातंतूचा निरोप पोहोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन काम झालं की मोडून टाकण्यासाठी शरीरात एक एन्झाइम असतं. हे विष नेमकं त्यालाच जखडतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घामाच्या धारा लागतात, नाडी मंदावते आणि फुफ्फुसं आतल्या आत स्रावाने भरत जातात. सुरुवातीला जीव बहुधा जातो तो श्वास कोंडून.

त्यावरचं हुकमी औषध म्हणजे अ‍ॅट्रोपीन. ते जुनं आणि स्वस्त आहे, पण द्यायची पद्धत महत्त्वाची. दर पाच मिनिटांनी छाती तपासायची. घरघर कायम असेल तर मात्रा दुप्पट, आणि छाती मोकळी होईपर्यंत हेच. बांगलादेशात १५६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जुन्या ठरावीक मात्रेच्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले, तर वाढत्या मात्रेच्या पद्धतीत ८ टक्के. औषध तेच होतं, बदलली ती फक्त द्यायची रीत. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो तालुक्याच्या दवाखान्यातही वापरता येतो.

नातेवाईक मात्र विचारतात, "उतारा दिला का?" तो उतारा म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. त्याची गोष्ट गुंतागुंतीची आहे. आपल्या शेजारच्या बारामतीत २०० रुग्णांवर चाचणी झाली आणि २००६ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. सतत सलाइनमधून दिलेल्या मोठ्या मात्रेत शंभरात एक दगावला, थोड्या थोड्या मात्रेत आठ. पुढे २००९ साली श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. तिथे प्रॅलिडॉक्सिम मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले नाहीत, उलट थोडे जास्तच दिसले. कीटकनाशक कोणतं, किती गेलं, रुग्ण किती तासांनी आला, यावर बरंच अवलंबून असावं. म्हणून उताऱ्यासाठी धावाधाव करण्यात अ‍ॅट्रोपीन आणि ऑक्सिजनचा वेळ घालवणं मला पटत नाही.

घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. भिजलेले कपडे काढावेत, हातमोजे घालून अंग साबणाने धुवावं, रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवावं, १०८ ला फोन करावा आणि कीटकनाशकाची बाटली सोबत घ्यावी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बोलू लागतो, चहा मागतो आणि घरचे "आता सोडा की" म्हणतात. इथे घाई करू नये. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेला एक प्रकार साधारण २४ ते ९६ तासांत उद्भवतो: लाळ-घाम ओसरलेले असतात आणि स्नायूंचं बळ जातं. म्हणून डॉक्टर खाटेपाशी उभं राहून सांगतात, "मान उचला बघू." डोकं उशीवरून उठत नसेल, तर श्वासाचे स्नायूही थकायच्या वाटेवर असू शकतात. अशा वेळी वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, तर पुष्कळ रुग्ण एक ते तीन आठवड्यांत स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागतात.