दुर्बीण नॉर्मल आली म्हणून आयबीएस ठरत नाही

"दुर्बीण टाकली, सगळं नॉर्मल आलं, म्हणजे आयबीएसच." सोलापुरात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो. माझ्या आत्यालाही दोन वर्षं हेच सांगत होते. तिला होता मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सूज.

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, बहुतेकांना ठाऊक आहे. पोटात कळ येते, जाऊन आलं की बरं वाटतं, कधी जुलाब तर कधी कुंथावं लागतं, डोक्याला ताण असला की जास्त. सुरुवात बहुधा तरुण वयात होते. त्यावर जास्त लिहीत नाही. आणि 'कोलायटिस' म्हटल्यावर ज्यांना रक्त पडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आठवतो त्यांच्यासाठी एवढंच की मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये रक्त पडत नाही आणि आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढत नाही.

मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये निव्वळ पाण्यासारखे जुलाब होतात, दिवसातून कितीही वेळा, महिनोन्‌महिने. घाई अशी की कधी कधी पोहोचेपर्यंत धीर निघत नाही. वजन उतरतं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांमध्ये हा जास्त दिसतो. आणि तो रात्री झोपेतून उठवतो, आयबीएस सहसा उठवत नाही. एप्रिल-मेमध्ये आमचं सगळं घर गच्चीवर झोपायचं आणि आत्या एकटी खाली, संडासच्या दाराशी सतरंजी टाकून. दोन वर्षांत तिला कुणी विचारलं नाही की रात्री किती वेळा उठता. आम्हीही नाही विचारलं. चार-चार दिवस भरून ठेवलेलं पाणी बाधलं असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आता खरा घोळ. कोलोनोस्कोपीत, म्हणजे या दुर्बिणीच्या तपासणीत, डॉक्टर मोठ्या आतड्याचं अस्तर वरून बघतात. या आजारात ते अस्तर बहुतेक वेळा अगदी स्वच्छ, गुलाबी दिसतं. बिघाड असतो तो अस्तराच्या आत, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात अस्तराच्या पेशींखाली कोलॅजन या प्रथिनाचा पट्टा जाड होतो, 10 मायक्रोमीटरच्या वर. म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, तो दुर्बिणीला दिसणार कसा? हा प्रकार 1976 साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. दुसऱ्या प्रकारात अस्तराच्या दर 100 पेशींमागे 20 हून जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घुसलेले असतात. दोन्ही ओळखायचे तर अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. दुसरा मार्ग नाही.

आत्याच्या पहिल्या रिपोर्टवर लिहिलं होतं, अस्तर नॉर्मल. तुकडा एकही घेतलेला नव्हता. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, "दिसलंच नाही काही, घ्यायचं कशाला?" मला राग येतो तो याच वाक्याचा. दिसत नाही म्हणूनच तर घ्यायचे. तेसुद्धा एका जागचे पुरत नाहीत, उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंचे लागतात. फक्त शेवटच्या भागाचे घेतले तर आजार निसटू शकतो. जुनाट जुलाबासाठी दुर्बीण ठरली असेल तर टेबलावर झोपण्याआधीच सांगा: वरून चांगलं दिसलं तरी तुकडे घ्या. दुसऱ्या ठिकाणी आत्याचे घेतले आणि आठवड्याभरात निदान झालं.

याच फरकामुळे उपचारही वेगळे. आयबीएसमध्ये पथ्याला मोठं स्थान आहे. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये पथ्याने जुलाब थोडे आवरतात, पण आतली सूज उतरते असं कुठलंही पथ्य सिद्ध झालेलं नाही. तिथे औषध लागतं आणि पहिलं औषध म्हणजे ब्युडेसोनाइड. साधारण 9 मिलिग्रॅम रोज, 6 ते 8 आठवडे, पुढे डॉक्टर कमी करत नेतात. दम्याच्या पंपातही हेच औषध असतं, म्हणून लोक गोंधळतात. आतड्यासाठीची कॅप्सूल मात्र आतड्यात पोहोचूनच उघडते. स्टेरॉइड म्हणून घाबरणाऱ्यांना सांगतो, या औषधाचा बराचसा भाग यकृतातच मोडला जातो, म्हणून अंगभर परिणाम इतर स्टेरॉइडपेक्षा कमी. फार दिवस चाललं तर हाडांकडे लक्ष ठेवावं लागतं, एवढं खरं.

पंधरा दिवसांत जुलाब थांबले की लोक स्वतःच्या मनाने कॅप्सूल बंद करतात. हे करू नका. कोर्स पुरा करूनही निम्म्याहून जास्त जणांना त्रास पुन्हा सुरू होतो. त्याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नाही, अशांना कमी डोस जास्त दिवस देतात. आत्याचं आता 3 मिलिग्रॅमवर भागतंय.

औषध वाढवण्याआधी घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघा. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणि तिच्यासोबत सकाळी उपाशीपोटी घेतलेली ॲसिडिटीची ओमेप्रॅझोल-लॅन्सोप्रॅझोल गटातली गोळी, दोन्हींचा या आजाराशी संबंध आढळलाय. नैराश्यावरच्या सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचा आणि सिगारेटचाही. आत्याच्या डब्यात पहिल्या दोन्ही होत्या, वर्षानुवर्षं. यातलं काय बंद करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, नैराश्याची गोळी तर एकदम सोडायचीच नाही.

खाण्याचं थोडक्यात. जुलाब जोरात असताना चहा-कॉफी कमी करा. दूध पचत नसेल तर बंद करून बघा, पातळ ताक बहुतेकांना सोसतं. शुगर-फ्री गोळ्या आणि मिठाया टाळा. सोलापूरच्या उन्हात जुलाब म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्याने जातं, तेव्हा ओआरएस घरात असूच द्या. शेंगाचटणी जन्मभर सोडायची गरज नाही, सूज उतरल्यावर आत्याने ती पुन्हा सुरू केली.

आणि भाकरीचं. या रुग्णांमध्ये सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे होणारा आजार इतरांपेक्षा जास्त सापडतो. ज्वारीत ग्लूटेन नसतं. आपल्याकडे काय होतं, पोट बिघडलं की चपाती आपसूक बंद होते आणि ताटात ताकात कुस्करलेली कडक भाकरी येते. बरं वाटतं, पण चार-सहा आठवड्यांनी सिलियाकची रक्ततपासणी केली की ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आत्याचं असंच झालं, तिला तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे रोज चपाती खावी लागली. म्हणून आधी रक्त द्या आणि मग चपाती सोडा.