नऊपैकी पाच लक्षणं आणि एक शिक्का

१९८८ साली ग्लिन लुइस आणि लुइस ॲपलबी या ब्रिटिश संशोधकांनी मनोविकारतज्ज्ञांना एका नैराश्यग्रस्त रुग्णाची हकिगत वाचायला पाठवली. काही प्रतींत एक जादा माहिती होती: या रुग्णाला पूर्वी ‘व्यक्तिमत्त्व विकार’, म्हणजे विचार, भावना आणि नाती यांची दीर्घकाळची त्रासदायक घडण, असल्याचं निदान झालं आहे. तेवढ्यानं तोच रुग्ण डॉक्टरांना जास्त कटकटीचा, लक्ष वेधून घेणारा वाटू लागला. आपल्याला असं निदान मिळालं आणि ते पटलं नाही, तर धास्ती वाटते ती याचीच. डॉक्टरांशी वाद घालावा, तर तोही विकाराचाच पुरावा ठरायचा!

सर्वात जास्त वाद आहे तो ‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व विकारावर. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो १९८० साली आला. टोकाच्या भावना, सोडून जाण्याची भीती, वादळी नाती, स्वतःला इजा करणं अशा नऊ लक्षणांपैकी पाच असली की निदान होतं. हिशोब केला तर पाच किंवा अधिक लक्षणांच्या २५६ जुळण्या निघतात, आणि एकच निदान झालेल्या दोघांत एखादंच लक्षण सामाईक असू शकतं. शिवाय दवाखान्यांत हे निदान बायकांच्या वाट्याला फार येतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या लोकसर्वेक्षणात मात्र स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक दिसला नाही. लहानपणी छळ सोसलेल्यांच्या बाबतीत ‘हिच्यावर काय गुदरलं’ हे विचारण्याऐवजी ‘हिचा स्वभावच बिघडलेला’ असं ठरवलं जातं, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणानं व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे मोडून सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी आणली. ‘बॉर्डरलाइन’ मात्र जादा नोंद म्हणून उरलंच. दीर्घकाळच्या आघातातून येणाऱ्या ताणविकाराला तिथे वेगळी जागा मिळाली आहे.

नावावर वाद असला तरी यातना खऱ्या असतात, आणि हा ‘स्वभाव’ कायमचा असतो हेही खरं नाही. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९२पासून या निदानाच्या २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. कामधंदा आणि नाती मात्र निम्म्यांचीच नीट रुळली. हा भाग संथ आहे. भावना आवरण्याची कौशल्यं शिकवणारी ‘डीबीटी’ ही उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहन स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयात होत्या. तिथे त्यांच्यावर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला होता. २०११ साली त्यांनी हे जाहीरपणे सांगितलं.

म्हणून ‘मला हे आहे की नाही’ यावर भांडत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावं: कोणती लक्षणं तुम्हाला दिसली? केव्हापासूनची? बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके), एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता), ऑटिझम, आघातानंतरचा ताण यांचा विचार झाला का? निदान बदललं तर उपचारात काय बदलेल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फारसं काही नाही’ असं आलं, तर नावाचा वाद थोडा बाजूला ठेवून उपचार सुरू करता येतात. पटलं नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं. पण गोळ्या मनानं बंद करू नयेत. खास या विकारासाठी म्हणून औषधं देऊ नयेत असं इंग्लंडची २००९ची मार्गदर्शिका सांगते. पण तुमच्या गोळ्या सोबतच्या नैराश्यासाठी असू शकतात. स्वतःला इजा करावीशी वाटली तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही, मराठीतूनही बोलता येतं.

आपल्याकडचा २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही हाताशी असावा. समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक चौकटीत बसत नाही, एवढ्यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते, केवळ एवढ्या कारणावरूनही नाही. कलम २५ नुसार स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागता येतात. गंभीर अपाय होण्याची शक्यता असेल तेवढीच माहिती रोखता येते. केसपेपरवर नेमकं काय लिहिलंय, ते आधी वाचून घ्यावं.