थ्रोचं गणित: फायटिंग गेममध्ये हल्ला आणि बचाव कसे तोलले जातात

फायटिंग गेम नव्याने खेळणाऱ्याला थ्रोचा हमखास राग येतो. आपण नीट ब्लॉक धरून समोरच्याच्या लाथा-ठोसे अडवत असतो आणि तो सरळ जवळ येऊन आपल्याला उचलून आपटतो. ब्लॉक असूनही! पण खेळातून थ्रो काढून टाकला, तर जॉयस्टिक मागे ओढून बसून राहणं हाच सगळ्यात शहाणा डाव ठरेल आणि हल्ला करायला कुणी पुढेच येणार नाही.

'स्ट्रीट फायटर'सारखे खेळ सेकंदाला 60 फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद, म्हणजे 12 ते 15 फ्रेम लागतात. 'स्ट्रीट फायटर 6'मध्ये साधा थ्रो सुरू झाल्यापासून 5 फ्रेममध्ये लागतो. याउलट 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' हा जबरदस्त फटका 26 फ्रेम घेतो, कारण तो पाहून उत्तर देता यावं अशीच त्याची रचना आहे. कोणती चाल पाहून अडवता यावी आणि कोणती आधीच अंदाजाने ओळखावी लागावी, हे असं फ्रेमच्या हिशेबाने ठरतं. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 2023 साली 'स्ट्रीट फायटर 5'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या 44व्या वर्षी जिंकलं. नुसत्या चपळाईचा खेळ असता, तर हे फार अवघड होतं.

अंदाजाने ओळखण्याच्या या खेळाचं गणित गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 मध्येच मांडून ठेवलं आहे. सोयीसाठी साधे आकडे घेऊ. ठोसा लागला तर कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले फटके) होऊन 30 गुणांचं नुकसान, थ्रो लागला तर 10. बचाव करणाऱ्याने ब्लॉक केला तर ठोसा अडतो, पण थ्रो लागतो. त्याने थ्रो सोडवायचा प्रयत्न केला तर थ्रो सुटतो, पण ठोसा बसतो. अशा वेळी हल्लेखोराने चारपैकी तीनदा थ्रो आणि एकदाच ठोसा वापरावा, असं उत्तर येतं. मग समोरचा काहीही करो, दर डावाला सरासरी 7.5 गुण पदरात पडतात. ताकदवान चाल कमी वेळा वापरायची, कारण तिच्या धाकाने समोरचा आधीच ब्लॉक धरून असतो.

आता ठोशाचं नुकसान दुप्पट, म्हणजे 60 करा. सरासरी जेमतेम 8.6 होते. त्याऐवजी थ्रोचं नुकसान दुप्पट करून 20 केलं, तर ती थेट 12 वर जाते. म्हणजे हल्ला किती जड होणार, हे मुख्यतः छोट्या चालीवर ठरतं. मोठ्या कॉम्बोंच्या नावाने होणारी बरीच ओरड म्हणूनच मला चुकीच्या जागी वाटते.

बचावाला धार आली की काय होतं, हे 2004 च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत दिसलं. खेळ होता 'स्ट्रीट फायटर' मालिकेतला 'थर्ड स्ट्राइक'. त्यात फटका पोचण्याच्या क्षणी जॉयस्टिक पुढे, थेट प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने, मारली की 'पॅरी' होते आणि काहीच नुकसान होत नाही. वेळ चुकली तर फटका पूर्ण बसतो. दाइगो उमेहारा हा खेळाडू केन हे पात्र खेळवत होता आणि केनकडे नावापुरती हेल्थ (शिल्लक ताकद) उरली होती. ब्लॉक केला असता तरी अडवलेल्या फटक्यातून झिरपणाऱ्या नुकसानाने तो संपला असता. प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगने आपल्या चुन-ली या पात्राचा 15 फटक्यांचा सुपर, म्हणजे खास मोठा हल्ला, सोडला. दाइगोने पंधराच्या पंधरा फटके पॅरी केले आणि उलट कॉम्बो मारून सामना जिंकला. यातली पहिली पॅरी पाहून करण्याइतका वेळच मिळत नाही. वाँग कधी सुपर सोडेल, हे दाइगोला आधीच ताडावं लागलं होतं. बचाव असा असावा, असं मला मनापासून वाटतं: मोबदला मोठा आणि जोखीमही खरीखुरी.

'स्ट्रीट फायटर 6'ने बचावाला खर्चाची बाजू दिली. प्रत्येक खेळाडूकडे सहा खणांचा ड्राइव्ह गेज असतो आणि ब्लॉक करत राहिलं की तो उतरतो. पूर्ण रिकामा झाला की 'बर्नआउट': ब्लॉकनंतर 4 फ्रेम जास्त अडकून पडावं लागतं, विशेष चाली अडवल्या तरी हेल्थ झिजते, आणि कॉर्नरमध्ये (पडद्याच्या कडेला, जिथून मागे सरकता येत नाही) ड्राइव्ह इम्पॅक्ट अडवला तरी भोवळ येते. गेज हळूहळू आपोआप भरतो, त्यामुळे कधी अडवायचं आणि कधी उलटून मारायचं, याचा हिशेब सतत चालू राहतो. ही रचना मला फार आवडते.

याच खेळात एक दुखरी जागाही आहे. कॉर्नरमध्ये काही पात्रं एक थ्रो मारून लगेच दुसऱ्या थ्रोच्या अंतरात पोचतात. वरच्याच आकड्यांत, प्रत्येक यशस्वी थ्रोनंतर तोच डाव पुन्हा मिळतो असं धरलं, तर सरासरी 7.5 वरून 13 वर जाते. थ्रोचं नुकसान एका गुणानेही वाढलेलं नसतं. त्यामुळे इथे नुकसानाच्या आकड्याला हात लावण्याआधी थ्रोनंतर दोघांत उरणारं अंतर थोडं वाढवून पाहावं.